लिनक्स-स्थापनेचा नागापुरी संप्रदाय

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन हे चार अनुबंध सांगण्याची जुनी रीत आहे, आणि स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स बसविण्याच्या शास्त्रालाही ती मोडता येत नाही. येथे अधिकारी म्हणजे पुण्यात नोकरी करणारा आणि शनिवारी रात्री एसटीने नगरला उतरणारा भाचा. विषय म्हणजे नागापूर एमआयडीसीत जॉबवर्कचे वर्कशॉप चालविणाऱ्या मामांनी दहा हजारांच्या आतबाहेर घेतलेला लॅपटॉप. संबंध यातच आला. वाद आहे तो प्रयोजनाबद्दल. मामांच्या मते ते "जरा फास्ट करून दे रे" एवढेच असते, तर भाच्याच्या मते विंडोजच्या दास्यातून एका कुटुंबाची कायमची सुटका, आणि पुढील सर्व अडचणी या दोन मतांमधील अंतरातून उद्भवतात.

प्रथम यंत्राची जात ओळखावी. २०१४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत बाजारात आलेल्या या वर्गात बहुधा इंटेलचा ॲटम झेड३७३५एफ हा प्रोसेसर, दोन जीबी रॅम आणि ३२ जीबीची ईएमएमसी, म्हणजे बोर्डालाच कायमची जोडलेली आणि नंतर बदलता न येणारी साठवण, एवढा ऐवज असतो. प्रोसेसर ६४ बिटी असतो. फर्मवेअर, म्हणजे कारखान्यातच चिपमध्ये भरलेला आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी जागा होणारा प्रोग्रॅम, मात्र ३२ बिटी. याचे कारण असे की इतक्या तुटपुंज्या रॅमवर आणि साठवणीवर कंपन्यांनी ३२ बिटी विंडोज घातले, आणि यूईएफआय पद्धतीच्या फर्मवेअरवर विंडोज चालवायचे तर दोघांचे बिट जुळावे लागतात. निर्णय हिशेबाने बरोबरच होता. पुढे त्या यंत्रावर कोणी दुसरे काही बसवू पाहील, हा विचार हिशेबात धरला नाही, आणि त्याची किंमत भाच्यांच्या रविवारांतून वसूल होत राहिली.

परिणाम असा होतो की ६४ बिटी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला तरी बूट मेनूत तो दिसतच नाही, कारण फर्मवेअर त्यात 'बूटआयए३२' नावाची फाइल शोधत असते आणि अनेक वितरणांच्या पेनड्राइव्हमध्ये ती नसते. वितरण म्हणजे लिनक्सचा गाभा आणि त्याभोवतीचे प्रोग्रॅम एकत्र बांधून दिलेला संच. अशा वेळी संप्रदायातील नवशिके पेनड्राइव्ह बदलतात, मग यूएसबीचे पोर्ट बदलतात, मग मामांच्या दुकानदाराला नावे ठेवतात. जाणत्याने डेबियन हे वितरण घ्यावे. ३२ बिटी फर्मवेअरवरून ६४ बिटी गाभा चालविण्याची सोय लिनक्समध्ये २०१४ साली ३.१५ या आवृत्तीत आली आणि डेबियनने २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून ती आपल्या इन्स्टॉलरमध्येही आणली. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीच्या सहीशिवाय काही चालू न देणारा फर्मवेअरचा पहारा, आधी बंद करावा.

स्थापनेच्या वेळी इंटरनेट हवे, पण वायफाय चालेलच असे नाही आणि लॅनचे पोर्ट या वर्गात बहुधा नसते. मामींचा फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे, म्हणजे फोनचे इंटरनेट लॅपटॉपला मिळते.

स्थापनेच्या शेवटी इन्स्टॉलर, निदान तज्ज्ञ (एक्स्पर्ट) पद्धतीत, एक प्रश्न विचारतो, आणि हे सारे शास्त्र त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभे आहे: बूटलोडर, म्हणजे गाभ्याला सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, काढता येण्याजोग्या माध्यमाच्या मार्गावरही बसवावा काय? प्रश्न वाचून लॅपटॉपला पेनड्राइव्ह समजले जात आहे असे वाटते आणि सुशिक्षित माणूस 'नाही' म्हणतो. तेथे 'हो' म्हणायचे असते. या यंत्रांतील कित्येक फर्मवेअर डेबियनने नोंदवलेले नाव विसरतात किंवा मुळात मानतच नाहीत, आणि ठरावीक फोल्डरातील ठरावीक नावाची फाइल तेवढी उचलतात. तेथे काही नसेल तर काळ्या पडद्यावर एक ओळ दाखवून स्वस्थ बसतात. 'नाही' म्हणणाऱ्याचा रविवार तेथे संपतो, आणि रात्रीची एसटी चुकते.

यानंतरचा विकार गोठण्याचा. मशीन उत्तम चालू असताना पडदा एकाएकी जागच्या जागी थिजतो, माउस हलत नाही, आणि एमआयडीसीत आयुष्य गेलेले मामा सवयीने आधी मेन स्विचकडे पाहतात. दोष विजेचा नसतो. बे ट्रेल या पिढीतले ॲटम प्रोसेसर काम नसताना खोल झोपेत जातात आणि कधीकधी जागे होत नाहीत. म्हणून गाभ्याला सुरुवातीलाच 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' अशी सूचना, अर्थातच रोमन अक्षरांत, देऊन त्यांना डुलकीपलीकडे जाऊ देऊ नये. बॅटरी लवकर उतरते. मामांचा लॅपटॉप चार्जरवरून कधी निघतच नाही, त्यामुळे तक्रार येत नाही. आवाजाबद्दल येथे काही न लिहिणेच बरे.

हे सर्व आपणच प्रथम केले, असा भाच्याचा समज झाल्यास तो वेळीच दूर करावा. पवईच्या आयआयटीतील फॉसी या प्रकल्पाने सुमारे दहा हजारांच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून दाखविले आहे. त्याही आधी, २००७ साली, रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट या लहानशा गावी 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या चळवळीचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप शाळेतल्या मुलांच्या हाती पडले होते आणि त्यांत लिनक्सच होते. फरक इतकाच की तेथे यंत्र, फर्मवेअर आणि लिनक्स एकमेकांसाठी घडविलेले होते, त्यामुळे खैराटच्या मुलांना भाचा लागला नाही.

मराठीची बाजू त्या मानाने सोपी. डेबियनवर इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो आणि लोहित हा देवनागरी फाँट मिळतो. पण मामांची दहा वर्षांची कोटेशने आणि पतसंस्थेला लिहिलेली पत्रे श्रीलिपीत असतात, आणि ती युनिकोडपूर्व पद्धतीची अक्षरे नव्या यंत्रावर उघडली की इंग्रजी चिन्हांची खिचडी होते. ज्या मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्या कंपनीने श्रीलिपी बनविली, तिनेच लोहितही मुळात घडविला, ही माहिती मामांना सांगून पाहावी. पत्रे तेवढ्याने वाचता येत नाहीत.

आता जी गोष्ट आरंभी सांगायला हवी होती, ती शेवटी सांगण्याचीच या संप्रदायाची परंपरा आहे. जीएसटीच्या विवरणपत्राची वीस तारीख जवळ आली की हिशेबनीस येतात, झाकण उघडतात आणि विचारतात, "यावर टॅली कुठंय?" टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमची लिनक्ससाठी आवृत्ती नाही, आणि लिनक्सच्या पोटात दुसरे विंडोज चालवावे तर दोन जीबी रॅममध्ये दोघांचाही जीव गुदमरतो. अशा वेळी फोनवरून "मामा, जरा टर्मिनल उघडता का?" असे म्हणणे निषिद्ध आहे. विंडोज परत घालता येते, कारण ज्या फर्मवेअरला एवढी नावे ठेवली त्याच्याच पोटात विंडोजच्या परवान्याची किल्ली बहुधा सुखरूप असते. परंतु तसे करणारा भाचा अद्याप पाहण्यात नाही. रूढ तोडगा असा की मामा सेकंडहँड डेस्कटॉप घेतात आणि लॅपटॉप घरात मामींकडे जातो. मामींना यूट्यूबवरचे कीर्तन आणि महावितरणचे बिल यापलीकडे त्याच्याकडून काही नको असते, आणि तेवढे काम डेबियन महिनोन्‌महिने बिनतक्रार करते. सबंध नागापुरात लिनक्सचा इतका समाधानी वापरकर्ता दुसरा नसेल. "चाललंय ना नीट? मग हात लावू नकोस बाबा आता त्याला," असे मामी चहा ठेवता ठेवता बजावतात, आणि डेबियनची नवी आवृत्ती नेमकी त्याच महिन्यात आलेली असते.