आपत्तीला मुदत नसते

आणीबाणी पुकारणे हा फार त्रासाचा धंदा आहे. कलम ३५२खाली घोषणा केली की महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची मंजुरी घ्या, मग दर सहा महिन्यांनी पुन्हा हात जोडा. १९७५चा चटका बसल्यावर ४४व्या घटनादुरुस्तीने हे काच आवळले. आता सुज्ञ सरकार त्या वाटेला जाईलच कशाला? हाताशी २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्याला संसदेची मंजुरी लागत नाही, मुदतही नाही. वर्षाकाठी एक अहवाल पटलावर ठेवला की झाले!

२३ मार्च २०२०ला लोकसभा बेमुदत तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी रात्री आठला टाळेबंदी जाहीर, बाराला लागू. सप्टेंबरात अधिवेशन भरले, पण प्रश्नोत्तराच्या तासाशिवाय. लेखी उत्तरे मिळत होती म्हणा; विषाणू बहुधा तोंडी उपप्रश्नांतूनच पसरत असावा. त्या कायद्याखालचे निर्बंध मार्च २०२२अखेरपर्यंत चालले.

जोडीला १८९७चा साथरोग कायदा होताच. मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी साहेबाने केलेला, अवघ्या चार कलमांचा. त्यातले चौथे कलम अधिकाऱ्यांसाठी: सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल दावा चालणार नाही. पुण्यात घरोघरी शिरलेल्या गोऱ्या सोजिरांचा हेतूही कागदोपत्री सद्हेतूच होता. साहेब १९४७ला गेला. २००५च्या कायद्यात मात्र हा सद्हेतू ७३व्या कलमात सहकुटुंब राहायला आला आहे, आणि त्याला घर खाली करायला सांगणारे विधेयक अजून कोणी संमत केलेले नाही.