उजेडाचं वावडं

जमवायला शाईइतकी अडचणीची वस्तू दुसरी नसेल. नाणी जमवणारा ती मखमलीवर मांडतो. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याच्या वहीची चार पानं तरी पाहुणा शिष्टाचार म्हणून चाळतो. जुनी कुलुपं, अडकित्ते, काडेपेट्यांवरची चित्रं, नाना आकारांचे गणपती, या सगळ्यांना दिवाणखान्यात काचेचं कपाट मिळतं आणि कपाटात एक पिवळा दिवाही मिळतो. शाईच्या बाटलीला नेमका तो दिवाच सोसत नाही. फाउंटन पेनची बहुतेक शाई म्हणजे पाण्यात विरघळवलेला रंग, आणि या रंगांना उजेडाचं वावडं. जांभळी शाई खिडकीपाशी मांडून ठेवली, की यथावकाश तिचा जांभळेपणा ओसरतो आणि आपण हौसेनं नक्की काय विकत घेतलं होतं, असा प्रश्न पडतो. म्हणजे जे दाखवण्यासारखं आहे तेच झाकून ठेवायचं. या पेचात माझी बरीच बुद्धी आणि आमच्या कर्जत-दहिवलीच्या घरातली बरीच जागा अडकून पडली आहे.

बरं, उजेडाची पर्वा न करता बाटल्या मांडल्या तरी दिसतं काय? काळं. निळी शाई, हिरवी शाई, मोरपंखी, वाइनच्या रंगाची, सगळ्या बाटलीत काळ्याच दिसतात, कारण रंग इतका दाट असतो की काचेतून उजेड पलीकडे जातच नाही. त्यामुळे आमच्याकडे येणारी माणसं या संग्रहाकडे फार आदरानं आणि थोड्या काळजीनं पाहतात. शेजारच्या काकूंनी एकदा हळू आवाजात विचारलं होतं, "हे सगळे काढे रोज घ्यावे लागतात का गं?" खोपोलीच्या नणंदबाई येतात तेव्हा फक्त धूळ पुसतात. मत देत नाहीत. ते जास्त लागतं.

त्यात आमचं कर्जत. भीमाशंकर आणि माथेरान दोन बाजूंना उभे, मागे बोरघाट, आणि जूनमध्ये अडकलेला ढग सप्टेंबरपर्यंत हलायचं नाव घेत नाही. या चार महिन्यांत चपलांना बुरशी येते, पट्ट्यांना येते, लग्नाच्या अल्बमला येते. पुस्तकांच्या कपाटात लोक बारीक बल्ब लावून ठेवतात, ओल धरू नये म्हणून. शाईला बल्ब चालत नाही, हे आलंच. गंमत म्हणजे शाईला पावसाचं काहीच वाटत नाही. ती मुळात पाणीच. भीती असते ती तिच्या कपड्यांना. सुंदर छापलेली खोकी मऊ पडतात, लेबलं कडेनं उचलतात आणि एखाद्या सकाळी दोन लेबलं खाली पडलेली सापडतात. मग कुठलं कुणाचं हे ठरवायला अनाथाश्रमातली चौकशी बसवावी लागते. यावर उपाय सोपा आहे. झाकणावर पांढरा गोल कागद चिकटवायचा, त्यावर त्या शाईचा एक ठिपका द्यायचा, बाजूला नाव लिहायचं आणि वर पारदर्शक पट्टी. बाटल्या खणात उभ्या ठेवायच्या, आडव्या कधीच नाहीत. खण ओढला की वरून नुसते रंगीत ठिपके दिसतात. काळ्या बाटल्यांचं तोंड बघावं लागत नाही. खण लावला की अंधार. संग्रहही राहिला आणि दाखवणंही झालं, पण फक्त खण ओढण्याची तसदी घेणाऱ्यालाच.

हे खण मिळाले ते मात्र सहजासहजी नाही. घरातली सर्वांत अंधारी, थंड, कोरडी जागा म्हणजे माजघराच्या भिंतीतलं कपाट, आणि ते पूर्वापार लोणच्याच्या बरण्यांचं. सासूबाईंनी आधी मला शाईचे नियम विचारले. मी सांगितलं: झाकण घट्ट, उजेड नको, पेनातली उरलेली शाई परत बाटलीत ओतायची नाही, आत काही वापरलेलं बुडवायचं नाही, नाहीतर बुरशी धरते, बुरशीचा धागा दिसला तर बाटली फेकून द्यायची, लोभ करायचा नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे लोणचंच की. फक्त खायचं नाही." तेव्हापासून वरचे दोन खण माझे. बरण्यांना दादरे त्या बांधतात, झाकणं मी आवळते, आणि कोरड्या हातांबद्दल आम्हा दोघींचं बोलणं घरातल्या पुरुषांना सारखंच ऐकावं लागतं.

सासूबाईंना पूर्ण पटवायला मला समर्थांची साक्ष काढावी लागली. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं घोटावं, ओळी कशा सोडाव्यात हे त्यात आहेच; शिवाय निरनिराळ्या देशांचे बोरू आणावेत, हिंगूळ संग्रही ठेवावा, अळिता पारखून घ्यावा, शाई भिजवून-वाळवून तिचा साठा करावा, असंही सांगितलं आहे. पुढे मेणकापडं, पेट्या आणि कुलुपं यांचाही उल्लेख येतो. दासबोध शिवथरघळीत सिद्ध झाला असं मानतात. म्हणजे शाई जमवण्याचा हा सल्ला आमच्याच रायगड जिल्ह्यातला. पेट्या-कुलुपं समर्थांनी पोथ्यांसाठी सांगितली आहेत, शाईसाठी नव्हे, हा बारकावा मी घरात फारसा उघड करत नाही.

आणि जिल्ह्याचाच अभिमान धरायचा तर शाईच्या बाबतीत आमची बाजू पुष्कळ भक्कम आहे. भीमाशंकरच्या रानात हिरडा होतो. हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि हिराकस हा लोखंडाचा क्षार एकत्र आले की काळी शाई होते, आणि दप्तरंच्या दप्तरं अशा शाईनं लिहिली गेली आहेत. जुन्या ब्ल्यू-ब्लॅक शाईचं पोटही असंच, लोखंडाचं. कागदावर ती निळी उतरे आणि हवा लागली की काळी पडे. म्हणून आजोबांच्या पत्रातली तारीख आणि मजकूर दोन्ही अजून टिकून आहेत. मात्र हीच हवा अर्ध्या भरलेल्या बाटलीत शिरली की शाईचा गाळ तळाला बसतो. तेव्हा लोखंडी शाईची बाटली फोडली की भिडस्तपणा सोडून लिहीत सुटावं.

पुढे रसायनी रंग आले. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा क्विनाइन बनवायला गेला आणि अ‍ॅनिलिनपासून त्याच्या हाती जांभळा रंग लागला. औषध राहिलं बाजूला, रंगांचा कारखानदारी धंदा उभा राहिला. तेच अ‍ॅनिलिन आमच्या खालापूर तालुक्यातल्या रसायनीला बनत असे. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि रसायनी हे गावाचं नावच पुढे तिच्यामुळे सगळीकडे पोचलं. त्या धुरांड्यांकडे बघताना तेव्हा कुणाच्या मनात शाई आली असेल, असं वाटत नाही. माझ्या येते. तो कारखाना आता बंद आहे, पण शेजारच्या पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत कॅम्लिनचा कारखाना आहे. आता नावाआधी जपानी कोकुयो लागलं आहे, ते २०११ सालच्या भागीदारीपासून.

कॅम्लिनची सुरुवातच शाईपासून. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी गिरगावात शाईची पूड आणि गोळ्या करायला घेतल्या. छाप घोड्याचा. उंट मागाहून आला, फाउंटन पेनच्या शाईबरोबर. शाईची गोळी ही संग्राहकाच्या दृष्टीनं किती समंजस वस्तू! सांडत नाही, सुकत नाही, कारण सुकलेलीच असते. कागदाच्या पुडीत गुंडाळली की उजेडाचाही प्रश्न मिटला. लागेल तेव्हा पाण्यात टाकायची. सासूबाईंच्या शाळेत हीच गोळी दौतीत विरघळत असे, बाकाला दौतीसाठी भोक असे, आणि टाक आपटून पुढच्या मुलीच्या परकरावर ठिपके उडवण्याचा उद्योगही असे. त्या काळात कुणी शाई जमवत नव्हतं. शाई संपत होती. बाटली रिकामी झाली की तिच्या पत्र्याच्या झाकणाला भोक पाडून वात ओवायची आणि रॉकेल घालून चिमणी करायची. कर्जतच्या वाड्या-पाड्यांवर वीज पोचेपर्यंत अशा चिमण्यांवर पोरांनी बाराखडी गिरवली आहे. ज्या बाटलीला उजेड सोसत नव्हता, तिनं उरलेला जन्म उजेड देण्यात काढला. माझ्या बाटल्यांच्या वाट्याला असलं कर्तृत्व येण्याची शक्यता दिसत नाही.

सगळ्याच शाया उजेडाला भितात असं मात्र नाही. निवडणुकीत बोटाला लावतात ती म्हैसूरची शाई, १९६२ पासूनची. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं आणि उजेड लागला की ती अधिकच काळी होते. लोकशाहीला उजेड मानवतो म्हणायचा. पण ही शाई पेनात भरता येत नाही आणि संग्रही ठेवणं तर अजिबात शहाणपणाचं नाही.

हल्लीच्या शायांचं निम्मं आकर्षण नावांत आहे, हे कबूल केलं पाहिजे. जपानच्या पायलट कंपनीच्या इरोशिझुकू मालिकेत चांदण्या रात्रीचा रंग आहे, बांबूच्या कोळशाचा आहे. बाटली जाड काचेची, पन्नास मिलिलिटरची, आणि तळाला मधोमध छोटा खळगा, शेवटचा थेंबही निबला लागावा म्हणून. सेलर कंपनीनं उलटं केलं. त्यांच्या एका मालिकेत शंभर रंग आणि सगळ्यांना नुसते आकडे. १२३ क्रमांकाची राखाडी शाई जगभरच्या शौकिनांना तोंडपाठ आहे. कर्जतच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्या भात संशोधन केंद्रानं काढलेल्या वाणांची नावं कर्जत-३, कर्जत-७ अशीच आहेत, आणि भात रांधताना कुणाचं त्यावाचून अडलेलं नाही.

कोबे शहरातल्या नागासावा या दुकानानं आपल्या शहरातल्या जागांच्या नावांच्या शाया काढल्या. तेव्हापासून मी मनातल्या मनात कर्जत-खालापूरची मालिका करते आहे. बोरघाटातलं धुकं, ही पहिली. लिहिलेलं दिसेल न दिसेल इतकी फिकट, बँकेच्या कामाला निरुपयोगी. उल्हासचा पहिला पूर, गढूळ तपकिरी. माथेरानची माती, लाल. ही कपड्याला लागली तर जाणार नाही, हे नावावरूनच कळेल. राबाची राख. आवणीचा हिरवा. करवंद, बाटलीतही काळी आणि कागदावर जांभळी. आणि स्टेशनवरचा वडा, पिवळसर सोनेरी. पण तिला तेल सुटण्याचा संभव असल्यानं पेनाच्या हमीबाहेर.

मालिका मनात आहे तोवर तिला खण लागत नाही, हा तिचा मोठा गुण. बाकीच्यांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र गणितानं अधिक बिकट होतो. पेनातला कन्व्हर्टर सहसा एक मिलिलिटरही शाई घेत नाही. साठ मिलिलिटरच्या एका बाटलीत पेन साठाहून जास्त वेळा भरेल. माझं लिहिणं म्हणजे किराण्याची यादी, दूधवाल्याचा हिशेब आणि वर्षातून दोन-तीन पत्रं. या वेगानं वरच्या खणातल्या पहिल्या रांगेलाच माझं उरलेलं आयुष्य पुरणार नाही. खालच्या खणाला तर पुनर्जन्मच घ्यावा लागेल, तोही मराठी वाचता-लिहिता येणाऱ्या घरात. तरी नवी बाटली आली की मी नमुन्याच्या वहीत तिची एक रेघ ओढते, खाली तिचं नाव लिहिते, आणि पान वाळेपर्यंत त्या रंगाकडे बघत राहते. मला आता वाटतं, शाई दाखवायची जागा ही वहीच. बाटलीत सगळ्या सारख्या. कागदावर टेकली की एकेक आपापला रंग सांगते. खणात असतो तो नुसता साठा.

या साठ्याला पहिलं खरं गिऱ्हाईक घरातच निघालं. सासूबाई रामनामाची वही लिहितात. बॉलपेननं बोटं दुखतात म्हणून त्यांनी माझं एक जुनं पेन मागितलं आणि त्यासोबत, "तुझ्या त्या काढ्यांपैकी कुठलाही दे, नावडता असेल तो." मी नावडता म्हणून एक करडा हिरवा दिला. त्या रोज पहाटे पानंच्या पानं लिहितात, टाकाच्या सवयीनं निब थोडं जोरात दाबून. हिरव्या ओळी एकाखाली एक सरळ उतरतात. ती शाई मला इतकी आवडू लागली आहे, की परत मागायची चोरी झाली आहे.

मागच्या आठवड्यात त्यांनी बाटली स्वच्छ धुऊन, पालथी घालून, निथळून माझ्या हाती दिली. एवढ्या वर्षांत या घरात संपलेली ही पहिली बाटली. "आता पुढची कुठली?" त्यांनी विचारलं. मी त्यांना जांभळी काढून दिली आणि खणात दोन बाटल्यांची जागा रिकामी झालेली पाहिली. एक त्यांच्यासाठी हिरवी पुन्हा मागवली. दुसरी जागा मोकळी ठेवणं कपाटाला बरं दिसत नाही, म्हणून तिच्यासाठीही एक मागवली आहे. रंग अजून घरात सांगितलेला नाही.