घरी लेथ आणू इच्छिणाऱ्यांस सूचना

लाकडाचा लेथ कोणी घ्यावा याबद्दल जाणकारांत मतभेद असतील. कोण घेतो याबद्दल नाहीत. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यात आयुष्यभर लोखंड कापून निवृत्त झालेला, डोळ्यांवर चष्मा आणि खिशात अजून व्हर्नियर, असा गृहस्थ तो घेतो. निवृत्तीनंतर हा गृहस्थ आधी घरातले नळ दुरुस्त करतो. नळ संपले की लेथ येतो. पत्नीने एखाददुसरा नळ मुद्दाम गळता ठेवावा. तेवढीच मुदतवाढ मिळते. आमच्याकडे (नाव घेत नाही, घ्यायची पद्धतही नाही) सगळे नळ एका श्रावणात संपले.

खरेदी. माहितीपत्रकावर १२ × १८ असे आकडे असतात. दोन्ही इंचांत. पहिला स्विंग, म्हणजे बेडवर जास्तीत जास्त किती व्यासाचा जॉब फिरेल. दुसरा दोन सेंटरमधलं अंतर. वाडगा करायचा असेल तर पहिला आकडा बघावा, लाटणं करायचं असेल तर दुसरा. पाळण्याचे खांब करायचे असतील तर फ्लॅट विकून बंगला बघावा. स्पिंडलचे आटे कोणते ते आधी विचारून घ्यावं, कारण चक (लाकूड आवळून धरणारा जबडा) नंतर घ्यायचा असतो आणि आटे जुळले नाहीत तर तो शोकेसमध्येच शोभतो. हेडस्टॉक-टेलस्टॉकचा टेपर मोर्स नंबर २ असेल तर पुढचं सामान सहज मिळतं. दुकानातच टेलस्टॉक पुढे सरकवून दोन्ही सेंटरची टोकं एकमेकांना भिडवून बघावीत. भिडली तर घ्यावा. एवढी तपासणी पुरते. ह्यांनी डायल गेज नेला होता. दुकानदाराने आधी चहा मागवला, मग मालकाला बोलावलं.

लेथची किंमत म्हणजे खर्चाचा आकडा नव्हे. चक, पटाश्या, गाऊज (पन्हळीसारख्या गोल पटाश्या), धार लावायला ग्राइंडर, तोंडावर फेसशील्ड, हे सगळं धरलं की तेवढीच रक्कम पुन्हा लागते. ही गोष्ट घरी केव्हा सांगावी याबद्दल मार्गदर्शिका मौन पाळते.

जागा. यंत्राचं वजन चाळीस किलोच्या आसपास, तरी लाकूड ओबडधोबड असलं की ते नाचतं. म्हणून स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात आणि पायांखाली रबर. सोसायटीचे सचिव ‘घरात कारखाना’ असं पत्र देतील. त्यांना शांतपणे सांगावं की एक हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे साडेसातशे वॅट, आणि त्यांच्या बाथरूममधला गीझर दोन हजारांचा आहे. पत्र मागे घेतलं जात नाही, पण दुसरंही येत नाही. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. यात विनोद नाही.

उंची. स्पिंडलचा मध्य काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला यावा, म्हणजे कंबर वाकत नाही. आमचा स्टँड ह्यांच्या कोपराला मापून वेल्ड केला, तोही असा की भूकंपातही एक सूत हलणार नाही. त्यामुळे मला पाटावर उभं राहावं लागतं. पाट सरकतो. घरात लेथ आणणाऱ्यांनी स्टँडला वर-खाली करायची सोय ठेवावी. दुपारी कोण काय करतं ते सांगता येत नाही.

आता मुख्य विषय, ज्यासाठी ही मार्गदर्शिका लिहायला घेतली. लोखंडाच्या लेथवर टूल पोस्टात आवळलेलं असतं. चाक फिरवावं, टूल सरकतं, लोखंड निमूट सोलून निघतं. लाकडाच्या लेथवर टूल हातात असतं, खाली टूल रेस्टचा आधार, आणि बाकी सगळं तुमच्या अंगावर. ज्या माणसाने तीस वर्षं शंभरांश मिलिमीटरच्या गोष्टी केल्या, त्याला हे पचत नाही. तो पटाशीही आवळून धरतो. बोटं पांढरी, खांदे कानाला, श्वास बंद. मग पटाशी लाकडात रुतते, धाडकन आवाज होतो, जॉब सेंटरमधून निसटतो आणि शेजारच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन पडतो. यावर ‘मटेरियल डिफेक्ट’ असा शेरा मिळतो.

खरी रीत अशी: आधी पटाशी रेस्टवर टेकवावी, मग धारेमागचा उतार फिरत्या लाकडावर नुसता घासू द्यावा, काहीच कापू नये. मग मूठ हळूहळू उचलावी. एका क्षणी बारीक साल निघायला लागते. तिथेच थांबावं. पोळी लाटताना हाताचं वजन ठेवतो, दाबत नाही, तसंच हे. मी ह्यांना असं म्हटलं. ‘‘अगं, याला इंजिनिअरिंग म्हणतात,’’ असं उत्तर आलं. बरं.

बोथट पटाशीला जोर लागतो, आणि जोर लावला की ती रुतते. म्हणून धार. सागात सिलिका असते, धार पटकन जाते. कौतुकाने सागच घेऊन बसू नये. साध्या कार्बन पोलादाची पटाशी ग्राइंडरवर निळी पडली की तिचं पाणी उतरलं समजावं. हाय स्पीड स्टीलला तेवढी भीती नाही. धार लावण्याच्या बाबतीत हे उत्तम आहेत, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या घरची विळीसुद्धा आता बघताच कापते.

वेग. व्यास इंचांत घ्यावा, मिनिटाच्या फेऱ्यांशी गुणावा, उत्तर सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान यावं. दहा इंची वाडगा सहाशे ते नऊशेवर. बारीक लाटणं हिशेबाने चार हजारांवर जातं, पण दोन हजारांत ते छान होतं, हट्ट कशाला? लाकूड गोल होईपर्यंत तर सगळंच हळू. पूर्वी वेगाचा असा हिशेब नव्हता. धनुकलीच्या लेथवर कातारी जमिनीवर बसून काम करायचा. एका हाताने धनुकली ओढायची, दुसऱ्या हाताने आणि पायाच्या अंगठ्याने पटाशी सांभाळायची. लाकूड पुढे-मागे फिरायचं आणि कापणं फक्त एका बाजूच्या फेरीत. आमच्या लेथवर वेग दाखवायला हिरवे आकडे उजळतात. आकड्यांशिवाय ह्यांना करमत नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत ह्यांनी एका कारागिराला लाकडी फळाच्या झाकणाचं टॉलरन्स विचारलं. त्याने झाकण लावून दाखवलं.

चालू यंत्राजवळ साडी नको, ओढणी नको, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, केस बांधलेले, बाह्या कोपरावर. हातमोजे अजिबात नकोत. ते बोटासकट आत जातात. चकची किल्ली चकमध्ये विसरू नये. पॉलिश पेपर मारताना रेस्ट काढून ठेवावा आणि फडकं बोटाला गुंडाळू नये. मास्क लावावा, छिलक्यांनी काही होत नाही, बारीक भुकटी छातीत बसते. लांबट लाकूड गोल करायचा मोठा गाऊज वाडग्याला लावू नये, त्याचं शेपूट मुठीत मोडतं.

लाकूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये तुकड्यांत मिळतं. ओलं घेतलं तर दोन्ही टोकांना मेण लावावं, कारण टोकं आधी वाळतात आणि तिथूनच तडे जातात. जाडीच्या इंचाला वर्षभर वाळवावं असा जुना हिशेब आहे. वाळल्यावरही ते शांत बसत नाही. ह्यांनी मे महिन्यात झाकणाची डबी केली. व्हर्नियर लावून, मापात. जुलैत झाकण फुगलं आणि आत माझ्या टाचण्या अडकल्या. हे व्हर्नियर हातात घेऊन गॅलरीत दमट हवेत उभे राहून लाकडाकडे बघत होते. त्या दिवशी हे जेवताना काही बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, थोडं.

शेवटचं, लाटणं. बाजारातलं लाटणं बहुधा घाईत कातलेलं असतं. चांगलं लाटणं मध्यभागी किंचित जाड आणि दोन्ही टोकांकडे सारखं निमुळतं हवं, म्हणजे पोळी आपोआप फिरते. एका बाजूचा उतार जास्त झाला तर पोळी पोळपाटाच्या कडेला पळते. हा उतार मापून येत नाही; हात फिरवून कळतो. बाभूळ किंवा शिसव घ्यावं. व्हार्निश लावू नये, नुसतं घासून गुळगुळीत करावं. आमच्या नात्यात प्रत्येक घरी आता आमच्याकडचं लाटणं आहे. ती कोणी कातली हे कोणी विचारत नाही, आणि भेट देताना पुढे हेच होतात. कोणाला हवं असल्यास पत्र माझ्या नावाने टाकावं, आणि पोळी किती मोठी लाटता ते कळवावं.