काळ्याचं काळं

कॅमेऱ्याला जास्त दिसावं म्हणून केलेला खर्च आमच्या घरात कुरकुरत का होईना, पण मंजूर होतो. लांबचं दिसावं म्हणून लेन्स, अंधारातलं दिसावं म्हणून फ्लॅश, एवढं हिला पटवता येतं. या खेपेला मात्र मागणी उलटी होती. कॅमेऱ्याला जरा कमी दिसावं, यासाठी मला एका चांगल्या मोबाइलच्या किमतीची काच परदेशातून मागवायची होती.

“आत्ता त्याला काय जास्त दिसतंय?” हिनं विचारलं.

“इन्फ्रारेड.”

“मग दिसू दे की. आपल्याला कुठे दिसतंय?”

तिढा नेमका तिथेच आहे. आपल्या डोळ्यांचा कारभार साधारण 400 ते 700 नॅनोमीटरमध्ये आटोपतो. तांबड्याच्या पलीकडे काही असतं, हे माणसाला कळलं तेच मुळी 1800 साली. विल्यम हर्शेलनं लोलकातून ऊन पाडून एकेका रंगात थर्मामीटर धरला, आणि तांबड्याच्या बाहेर, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यांत वर चढला. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरला मात्र हे पलीकडचं उपजतच दिसतं, पार 1100 नॅनोमीटरच्या आसपासपर्यंत. म्हणून कारखान्यातच त्याच्यापुढे एक काच बसवतात. इन्फ्रारेड अडवायचं आणि बाकीच्यांना आत सोडायचं, एवढंच तिचं काम. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचंही काम एवढंच आहे, आणि माझ्या कॅमेऱ्यातली काच ते त्याच्याइतक्याच निष्ठेनं करत होती.

कॅमेरा जुना, मीडियम फॉरमॅट. सेकंड हँडही नव्हे, थर्ड हँड. सेन्सर 36 बाय 48 मिलिमीटरचा, म्हणजे फुल फ्रेमच्या बरोब्बर दुप्पट क्षेत्रफळाचा. वजनाबद्दल माझा फिजिओथेरपिस्ट जास्त अधिकारानं बोलेल. देवळं, घाट, डोंगर यांचे फोटो काढताना काही बिघडत नाही. गडबड होते ती काळ्या कपड्यांत. काही काळे रंग, विशेषतः सिंथेटिक कापडावरचे, डोळ्यांना दिसणारा प्रकाश सगळा गिळतात आणि इन्फ्रारेड मात्र आल्या पावली परत धाडतात. काच ढिली असेल तर ते सेन्सरपर्यंत पोचतं आणि काळ्याचं जांभळं होतं.

आणि आपल्याकडे झाडून सगळ्यांनी काळं नेसायचा सण म्हणजे संक्रांत.

मावशीच्या सुनेची पहिली संक्रांत होती. हलव्याचे दागिने इतके पांढरेशुभ्र की व्हाइट बॅलन्स थेट मुकुटावरच साधला. मागे काळ्या साड्यांची रांग. रात्री फोटो मोठ्या पडद्यावर लावले. सूनबाईंची साडी काळी, मावशीची काळी, आणि शेजारच्या काकूंची ठसठशीत वांगी कलरची. काकू दुपारभर तिळगुळापेक्षा ‘प्युअर सिल्क’ हे दोन शब्द जास्त वाटत होत्या. मावशी पडद्याजवळ गेली, चष्मा चढवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मी घाईघाईनं सांगितलं, की मावशी, हा रंगाचा गुण आहे, कापडाची परीक्षा नव्हे. रेशमावरही एखादा रंग असा निघू शकतो. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे सिंथेटिकच.”

हे दुखणं थोरामोठ्यांनाही झालेलं आहे. 2006 साली लायकानं एम8 नावाचा कॅमेरा आणला. सेन्सरवरची काच मुद्दाम पातळ ठेवलेली, म्हणजे कोपरे नीट रेखीव यावेत. कोपरे आले, पण लोकांचे काळे सूट जांभळे झाले. शेवटी कंपनीनं गिऱ्हाइकांना लेन्सपुढे लावायला दोन-दोन फिल्टर फुकट दिले. ते लावल्यावर वाइड लेन्सच्या कोपऱ्यांत मोरपिशी झाक येऊ लागली, कारण अशा थरांच्या फिल्टरवर किरण तिरके पडले की त्याची हद्द सरकते आणि तो चांगल्या तांबड्यालाही अडवू लागतो. रंगांची ही यादी पैठणीच्या पदरापर्यंत गेली असती, पण सॉफ्टवेअरनं सावरलं.

माझी काच आली. ती बसवण्यात दोन पथ्यं असतात. एक, जाडी जुन्या काचेइतकीच हवी. काचेच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश इतका फोकस मागे सरकतो, आणि त्यात फरक पडला की डोळ्यांऐवजी कान रेखीव येतात. दुसरं, धूळ नको. पुण्यात बिनधुळीची जागा एकच, ती म्हणजे गरम शॉवर सोडून नंतर वाफ निवू दिलेली न्हाणी. तिथे मी कडी लावून बसलो. बाहेर ऑफिसला निघालेली माणसं दारावर थापा मारत होती, आणि आत मी श्वास रोखून, हातमोजे घालून, पाटावर.

खात्री करायला टीव्हीचा रिमोट लागतो. त्याच्या तोंडाशी इन्फ्रारेड दिवा असतो. जुन्या काचेतून तो जांभळा ठिपका होऊन चमकायचा, नव्या काचेतून काहीच नाही. मी आनंदानं ओरडलो. ही सिरियलसाठी रिमोट शोधत आली होती. “काय दिसलं?” “काहीच नाही!” यावर ती फक्त रिमोट घेऊन गेली.

भाच्याचं म्हणणं मात्र वेगळंच. “मामा, तू ती काच काढूनच टाकायला हवी होतीस. लोक पैसे देऊन काढून घेतात.” खरं आहे. रॉबर्ट वुडनं 1910 साली इन्फ्रारेडचे फोटो दाखवले तेव्हापासून हे वेड आहे. पानं इन्फ्रारेड भरभरून परत फेकतात, त्यामुळे झाडं पांढरी येतात आणि आकाश काळं. भर पावसाळ्यातला सिंहगड काश्मीर म्हणून खपवता येतो.

“म्हणजे घालायलाही पैसे आणि काढायलाही?” आतून आवाज आला.

पुढच्या संक्रांतीला काळं अगदी काळंकुळकुळीत आलं. काकू स्वतःचा फोटो बघून हरखल्या आणि मला दोन वड्या जास्त मिळाल्या. मावशीनं फोटो पुढे केले, मागे केले, मोठे करून पाहिले. मग मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात म्हणाली, “जुनी काच टाकली नाहीस ना रे? रथसप्तमीच्या आत जाऊबाईंकडे हळदीकुंकू आहे. तेवढी बसवून ये.”