पहिला हँडसेट कसा निवडावा : बत्तीस शिराळ्यातील होतकरू हॅमसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम अभिनंदन. खिशात मोबाईल आहे, त्याला बऱ्यापैकी रेंज आहे, आणि तरीही तुम्हाला बोलण्यासाठी आणखी एक यंत्र हवं आहे. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, होण्याची निम्मी पात्रता यातच आली. उरलेली निम्मी सरकार तपासतं.

पायरी पहिली : हँडसेट विकत घेऊ नका.

अंगणात नाग निघाला म्हणून तो नागपंचमीला गाडग्यात घालून मिरवता येत नाही, हे 2014 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिराळकरांना नव्याने सांगायला नको. ट्रान्समीटरचंही तसंच आहे, आणि ते फार आधीपासून. विनापरवाना वायरलेस संच नुसता बाळगायलासुद्धा 1933 च्या कायद्याने मनाई केली. ऑनलाइन दुकानात मात्र तो टॉर्च आणि कुकरच्या रिंगेच्या मधोमध दिसतो. हा प्रकार इतका वाढला, की मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला वॉकीटॉकीच्या विक्रीसाठी वेगळी नियमावली काढावी लागली. सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि परवाना लागतो का, हे आता विक्रेत्याने लिहायचं आहे. तुम्ही ते वाचायचं आहे. दोन्ही कामं सारखीच अवघड.

तेव्हा आधी परवान्याची परीक्षा. दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर अर्ज करा. एक भाग रेडिओच्या तांत्रिक माहितीचा, दुसरा नियमांचा. रिस्ट्रिक्टेड ग्रेड पास झालात की व्हीयू 3 ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं तुमचं नाव, मिळतं. जनरल ग्रेडला व्हीयू 2, पण त्यासाठी मोर्सचा कट्टकडकट्ट शिकावा लागतो. परवाना हातात पडेपर्यंत जो वेळ जाईल तो वाया गेला असं समजू नका. या काळात निदान पंधरा मॉडेलांचे व्हिडिओ पाहून होतात आणि घरातलं वातावरण पुरेसं तापतं.

पायरी दुसरी : आता मॉडेल निवडा. याला पाच मिनिटं पुरतात, पण लोक सहा महिने घेतात.

बहुतेकांची गाडी बाओफेंगच्या यूव्ही-5आर पाशी येऊन थांबते. चिनी बनावटीचा, स्वस्त, दोन बँडचा सेट. चालू केला की आतली बाई इंग्रजीत स्वागत करते. ती बंद कशी करायची हे शोधणं हा पहिला धडा. मेनूत शून्यापासून चाळीसपर्यंत आकडे आहेत आणि त्यांची नावं अशी तोडलेली, की टोन कुठला नि ऑफसेट कुठला हे पुस्तिका हरवण्याआधी पाठ करून ठेवावं. शहाणे लोक सरळ केबल आणतात आणि चर्प नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवरून चॅनेल भरतात. केबलचा दुपिनी प्लग शेवटपर्यंत दाबून बसवा. आत गेल्यासारखा वाटतो तेव्हा तो गेलेला नसतो, आणि मग माणूस रात्री अकरा वाजता लॅपटॉपला शिव्या देत बसतो. सेटला टॉर्चही आहे. पहिले काही महिने सर्वांत जास्त वापर तिचाच होईल.

यासू, आयकॉम यांचे सेट जपानी, महाग आणि सरस. समोरून बोलणारं कुणी नसेल, तर तेही तितक्याच सरसपणे गप्प राहतात.

दुकानदार वॉट सांगेल. पाचचा घेऊ की आठचा, या प्रश्नावर झोप घालवू नका. पाचाचे आठ केले तर फरक दोन डेसिबलचा, ऐकणाऱ्याला तो कळतही नाही. फरक पडतो तो अँटेनाने आणि उंचीने. सेटबरोबर येणारी रबरी अँटेना जेमतेम वीतभर असते. 145 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी भरते अर्धा मीटर. तेव्हा लांब अँटेना लावा, नाहीतर अर्ध्या मीटरची साधी वायर अँटेनाच्या बुडाशी बाहेरच्या धातूला जोडून खाली लोंबती सोडा. दिसायला वाईट दिसतं, पण काम करतं.

पायरी तिसरी : डोंगर निवडा.

खरी खरेदी ही आहे, आणि शिराळ्यात ती फुकट होते. अशा सेटच्या व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ जातात, वाटेत डोंगर आला की संपल्या. सपाटीवर उभं राहून हातात धरलेल्या सेटचं क्षितिज पाचेक किलोमीटर. भोवतालच्या सपाटीपेक्षा 300 मीटर वर चढलात तर तेच 70 किलोमीटर होतं. गावात, मोरणेच्या खोऱ्यात बसून कराडला हाका मारण्यात अर्थ नाही. गुढे-पाचगणीच्या पठारावर पवनचक्क्या वाऱ्यासाठी उभ्या केल्या आहेत, तुम्ही लहरींसाठी उभे राहा. परवान्याची प्रत खिशात असू द्या. माळावर एकटाच माणूस काळ्या यंत्राशी इंग्रजी अक्षरं बोलतो आहे म्हटल्यावर कुणीतरी येऊन विचारणारच.

"काय चाललंय पावणं?"

"हॅम रेडिओ. थेट बोलता येतं, टॉवर लागत नाही."

"कुणासंगं?"

या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. मॉडेलांच्या तुलनेत ते कुठेच दिलेलं नसतं. एक उत्तर आकाशात आहे : आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅम रिपीटर आहे, 145.990 वर बोलायचं, 437.800 वर ऐकायचं. जुलै 2025 मध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला तिथून हॅम रेडिओवरूनच बंगळुरूशी बोलले. स्थानक 400 किलोमीटरवर असलं तरी मध्ये डोंगर नसतो, त्यामुळे कराडपेक्षा ते सोपं. फक्त दहाएक मिनिटांत ते निघून जातं.

काय बोलू नये तेही सांगतो. हा रेडिओ धंद्यासाठी नाही. ऊसतोडीची टोळी कुठल्या फडात आहे, चिखलीच्या कारखान्यावर गाड्यांची रांग किती, हे हॅमच्या फ्रिक्वेन्सीवर विचारायचं नाही. सांकेतिक भाषेत तर नाहीच.

"पुरात उपयोगी पडेल" हे कारण घरी सांगायला उत्तम, आणि खोटंही नाही. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै वारणाकाठाने पाहिला आहे. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्ये हॅम मोहिमेवर होत्या आणि त्यांनी अंदमानचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचवले. पण त्यांचं केंद्र लांब पल्ल्याच्या एचएफ लहरींचं होतं. हातातल्या सेटने समुद्र ओलांडला नसता. शिवाय त्या आदल्या दिवशीपर्यंत रोज बोलत होत्या. तुमचा सेट कपाटात, बॅटरी उतरलेली, आणि आरळ्यापासून मांगल्यापर्यंत परवाना असलेलं दुसरं कुणी नाही, अशी तयारी पुराला पुरत नाही.

म्हणून दोन भारी सेटांचा विचार सोडा, दोन माणसांचा करा. एक स्वस्त सेट, एक चांगली अँटेना, आणि परीक्षेला बसणारा जोडीदार. अर्ज भरताना शेजारच्या सातवीतल्या पोराचाही भरा. वयाची अट 12 वर्षं पूर्ण एवढीच आहे, आणि तुमच्याआधी पास होईल तो.