स्कोपवाले अप्पा

ठाकूरद्वारच्या प्रत्येक वाडीत एक अप्पा असतात. कुठे त्यांना भाऊ म्हणतात, कुठे नाना, पण माणूस तोच. वय पासष्टच्या पुढे, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काखेत प्लास्टिकचं फोल्डर. ऑगस्ट ते एप्रिल त्यांना कोणी फारसं विचारत नाही. नळाचं पाणी आणि मतदार यादी एवढ्यावरच त्यांना दिवस काढावे लागतात. मे ते जुलै हा त्यांचा सीझन. बारावीचा निकाल लागला की अप्पांच्या चालण्यात फरक पडतो.

आमचे अप्पा बोलावण्याची वाट बघत नाहीत. कॉमन गॅलरीत उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलाला थांबवतात.

"किती पडले रे?"

"बहात्तर, अप्पा."

"पुढे काय?"

मुलगा काही म्हणाला, अगदी काहीही म्हणाला, तरी पुढचं वाक्य ठरलेलं : "त्याला आता स्कोप नाही राहिला."

मग स्कोप कशाला आहे? तो सांगायला अप्पांना किमान एक तास आणि विनय हेल्थ होमची मिसळ लागते. मिसळीचे पैसे मुलाच्या वडिलांनी द्यायचे, ही वाडीतली जुनी रीत. फी म्हणून अप्पांनी आजवर एक पैसा घेतलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

अप्पांच्या स्कोपचा इतिहास लिहून ठेवण्यासारखा आहे. 1981 साली, बँकेत नुकते लागलेले असताना, त्यांनी धाकट्या चुलतभावाला माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये टेक्स्टाईलला घातलं. "लोक कपडे घालायचे थांबणार आहेत का?" हा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. लोकांनी कपडे घालायचं थांबवलं नाही, फक्त लालबाग-परळमध्ये ते विणायचं थांबलं. चुलतभावानं पुढे इचलकरंजी गाठली आणि अप्पांना दिवाळीला फराळ पाठवायचं बंद केलं.

1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, तेव्हा अप्पा म्हणाले, पैसे भरून घेतलेल्या डिग्रीला कोण कुत्रं विचारतं? त्याच सुमारास बँकांत कॉम्प्युटर आणायची बोलणी चालली होती आणि कर्मचारी संघटनांचा त्याला विरोध होता. अप्पा युनियनचे खंदे कार्यकर्ते. त्यामुळे कॉम्प्युटरला स्कोप नाही हे त्यांचं भाकीत नव्हतं, तो त्यांचा निर्धार होता. "आम्ही येऊच देणार नाही, मग शिकून करणार काय?" असं त्यांनी वाडीतल्या तीन हुशार मुलांना बजावलं. त्यातली दोन आज न्यू जर्सीत असतात, कारण त्यांनी ऐकलं नाही. तिसऱ्यानं ऐकलं. तो अजून इथेच आहे आणि अप्पा दिसले की जिना बदलतो.

पुढे 1999 च्या आसपास अप्पांना कॉम्प्युटर पटला. दिसेल त्याला त्यांनी बीएस्सी आयटी नाहीतर एमसीए सांगितलं. वर्ष-दीड वर्षात डॉटकॉमचा फुगा फुटला. तेव्हापासून वाडीत एक समजूत आहे की अप्पांनी ज्या धंद्याला स्कोप दिला त्यातल्या माणसांनी दुसरी नोकरी बघायला लागावं. बायोटेक, हॉटेल मॅनेजमेंट, मास मीडिया, सगळ्यांना अप्पांचे आशीर्वाद मिळाले आहेत. सध्या ते 'एआय-एमएल' म्हणतात. एआयवाल्यांनी काय ते समजून घ्यावं.

स्वतः अप्पांनी कोर्स कसा निवडला, ही गोष्ट ते मुलांना सांगत नाहीत. ती त्यांच्या बायकोकडून, म्हणजे काकूंकडून कळते. 1975 साली जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची अशा दोन बॅचेस एकदमच एसएससीला बसल्या. अप्पा जुन्या अकरावीतले. कॉलेजांच्या दारात ही गर्दी! अप्पा गेले होते सायन्सला. सायन्सची रांग उन्हात होती. कॉमर्सची खिडकी सावलीत होती. एवढंच. त्या सावलीतून बीकॉम, मग बँक, मग काकू, मग पेन्शन, असं सगळं आयुष्य घडत गेलं, आणि वाईट घडलं असं काकूसुद्धा म्हणत नाहीत.

सल्ला देण्याचा अधिकार मात्र अप्पा पत्त्यावरून सांगतात. "आपण कुठल्या रस्त्यावर राहतो? जगन्नाथ शंकरशेट रोडवर." नाना शंकरशेट म्हणजे एल्फिन्स्टनपासून ग्रँट मेडिकलपर्यंत मुंबईतल्या शिक्षणामागे उभा राहिलेला माणूस, विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी एक. नानांच्या नंतर मधली दीडशे वर्षं जागा रिकामी होती आणि ती अप्पांकडे आली, असा एकूण सूर. 1862 साली या विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले : रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. "चारच माणसं, एकच कोर्स, आणि बघ काय झाली ती!" अप्पा हे असं सांगतात की त्या चौघांचे फॉर्म यांनीच भरले होते.

कॉलेज निवडायची अप्पांची कसोटी चपलेची. ठाकूरद्वारहून चालत जाता येतं का? एका बाजूला विल्सन आणि भवन्स. दुसऱ्या बाजूला धोबीतलावचं झेवियर्स, पुढे चर्चगेटला के. सी., एच. आर., जयहिंद, 1913 चं सिडनहॅम, 1855 चं लॉ कॉलेज. आणखी तंगड्या तोडायची तयारी असेल तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन. पाऊण तासाच्या आत एवढी कॉलेजं हिंदुस्थानात कुठल्या नाक्याला आहेत, असा त्यांचा सवाल. उत्तर कोणी देत नाही, कारण ऐकणारी निम्मी कुटुंबं एव्हाना बोरिवली-डोंबिवलीला गेली आहेत. त्यांची मुलं त्याच कॉलेजांत यायला सकाळी सहाची गाडी पकडतात आणि सल्ला घ्यायला फोन करतात.

नव्या शैक्षणिक धोरणानं अप्पांना काही काळ जेरीस आणलं होतं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट. 'मेजर-मायनर' हा त्यांना पहिल्यांदा वयाचा दाखला वाटला. पदवी तीन वर्षांची की चार? एका वर्षानं बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, हे ऐकून ते म्हणाले, "एका वर्षानं बाहेर पडायची सोय आमच्या वेळीही होती. तिला नापास म्हणायचे." 2024 पासून बीएमएस, बीबीए, बीसीएला सीईटी आली आणि बऱ्याच कॉलेजांनी त्याच कोर्सची पाटी बदलून 'बीकॉम, मॅनेजमेंट स्टडीज' केली, तेव्हा अप्पा दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी कुठल्या कॉलेजात कोणती पाटी लागली याचा हातानं आखलेला तक्ता फोल्डरमध्ये होता.

2025 साली निकाल 5 मे रोजीच लागला. अप्पा तेव्हा गावी, राजापुराकडे, फणस फोडत होते. रात्रीची कोकणकन्या पकडून, बिनरिझर्व्हेशन, गऱ्यांच्या पिशवीसकट ते हजर झाले, आणि पहिल्याच दिवशी त्यांना दुसऱ्या मजल्यावरची मुलगी भेटली.

"चौऱ्याऐंशी टक्के, सायन्स. मग, कॉम्प्युटर ना?"

"नाही अप्पा. झेवियर्सला जिऑलॉजी."

"म्हणजे दगड?"

"हो, दगड."

अप्पांनी तिच्या आईला हाक मारली. "वहिनी, अहो, दगडांसाठी डिग्री कशाला? दगडाला कसला आलाय स्कोप?"

मुलगी शांतपणे म्हणाली, "अप्पा, आपल्या चाळीखालून मेट्रोचा बोगदा गेला. मशीन चालायचं तेव्हा तुमच्याच कपाटातल्या बशा वाजायच्या. खाली बसॉल्ट आहे की ठिसूळ ब्रेशिया, पाणी कुठून झिरपेल, हे सगळं खोदायच्या आधी कोणाला विचारलं असेल? बीकॉमवाल्यांना?"

अप्पा गप्प झाले. वाडीतल्या जुन्या माणसांच्या मते हे आणीबाणीनंतर पहिल्यांदाच घडलं. मुलीच्या आईनं चहा टाकला, तोही न पिता ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरवाल्याच्या मुलाला ते गॅलरीत सांगत होते, "जिऑलॉजी. सगळी मुंबई खणतायत, बाबा. कोस्टल रोड, मेट्रो, बोगदे. जबरदस्त स्कोप आहे." मुलीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली.

पण तिचा प्रवेश झाला तो अप्पांमुळेच. कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म आणि विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं. नोंदणीचा फॉर्म भरला आहे का, हे अप्पांनी येऊन विचारलं. नव्हता भरलेला. डोमिसाईलला किती दिवस लागतात, नॉन-क्रिमीलेयरची मुदत कुठल्या मार्चपर्यंत चालते, जात पडताळणीची पावती जोडली तर तात्पुरतं भागतं का, इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडला पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीझ होते आणि मग रडून उपयोग नसतो, हे सगळं या माणसाच्या जिभेवर असतं. कोणाच्या एलसीवर आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, हे ते फोल्डर न उघडता सांगतात. करिअर कौन्सेलरांच्या वातानुकूलित ऑफिसात हजारो रुपये मोजून जे मिळत नाही ते इथे जिन्यात उभ्या उभ्या मिळतं. सायबर कॅफेवाल्यानं दहा वेळा अपलोड करून नाकारला गेलेला फोटो अप्पांनी सांगितलेल्या केबीमध्ये बसवला की अकराव्या वेळी घेतला जातो.

तेव्हा घरात यंदा बारावी असेल, तर जूनमध्ये ठाकूरद्वारच्या नाक्यावर एक चक्कर मारा. काखेत फोल्डर असलेला माणूस शोधावा लागणार नाही, तोच तुम्हाला शोधेल. त्याला शेवटची तारीख विचारा आणि लिहून घ्या. कागदपत्रं दाखवा, म्हणेल ते दुरुस्त करा. कोर्स कोणता घ्यावा हे मात्र तुमच्या मुलीला विचारा, आणि ती काय म्हणाली ते अप्पांना प्रवेशाची पावती हातात पडल्यावरच सांगा.