पेणकर ज्यू निघाल्यास काय करावे

कचेरीत किंवा लग्नाच्या पंगतीत शेजारी पेणकर, रोहेकर, किहीमकर असे कोणी भेटले आणि पहिले नाव सॅम्युएल किंवा एस्तेर निघाले, तर गांगरून जाऊ नये. 'म्हणजे ख्रिश्चन ना?' असे ठामपणे विचारावे. नकार आल्यास 'पारशी?' हा पर्याय आहेच. आपल्या प्रार्थनामंदिराला त्यांनी जुन्या सवयीने मशीद म्हटले, की मुसलमान ठरवून मोकळे व्हावे. 'आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू' हे वाक्य पूर्ण होऊ देऊ नये.

झालेच पूर्ण, तर लगेच विचारावे, 'मग इकडे कधी आलात?' त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्याला सुमारे दोन हजार वर्षे झाली. आपले खापरपणजोबा कुठून आले हे आपल्याला ठाऊक नसले तरी हरकत नाही. विचारणारा नेहमी इथलाच असतो. ते भाजीवालीशी अस्सल अलिबागी थाटात घासाघीस करत असताना 'मराठी किती छान बोलता हो!' अशी दादही द्यावी.

कोकणातल्या गावांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले, कारण ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. गावाने निदान वार तरी नीट पाहिला होता! आपण मात्र वरळीच्या डॉ. ई. मोझेस रोडवरून रोज जावे आणि मोझेस म्हणजे कोणी गोरा साहेब, असे समजून चालावे. ते 1937-38 चे मुंबईचे महापौर, घराणे राजपूरकरांचे.

ही पद्धत परदेशीही चालते. इस्रायलला गेलेल्या या मंडळींना तिथे 'हे तर हिंदुस्थानी, ज्यू कशावरून?' असे ऐकावे लागले. लग्न जुळवायचे तर धर्मगुरू मागच्या पिढ्यांची चौकशी करू लागले. मंडळींनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, तेव्हा कुठे 1964 साली ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर झाले. इथे इस्रायलचे, तिथे हिंदुस्थानचे. पेणचे मात्र कुठेच नाहीत.

एवढे सगळे करूनही त्यांनी आपल्याला मलिद्याला बोलावले, तर जरूर जावे. प्रेषित एलियाहू हन्नबीच्या नावाने भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे ताटात येतील. 'हा खास इस्रायली पदार्थ का?' असे विचारण्यापूर्वी तोंडातला घास नीट चावावा.